कोरियातल्या मुलांना ‘हाऊ आर यू’ शिकवायला यायचंय? मग हे आधी वाचा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही सांगली जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत इंग्रजी शिकवता, बी.ए. इंग्रजी आणि बी.एड. आहात, आणि कोरियातल्या प्राथमिक शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून यायचं मनात आहे. भारतीय माणसाला हे काम मिळतं का, आपले उच्चार तिथे चालतील का, आणि मुलांना कोरियनशिवाय काही येत नसेल तर पहिल्या दिवशी वर्गात करायचं काय, हे तुम्हाला हवं आहे. मी ग्योंगसांगबुक प्रांतातल्या ग्रामीण शाळांमध्ये हेच काम करते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं झटकन देते. तिसऱ्यावर मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे येणारे बहुतेक जण कागदपत्रांची तयारी करून येतात आणि वर्गाची करत नाहीत.

आधी व्हिसा. परदेशी भाषाशिक्षकांचा व्हिसा म्हणजे ई-२. इंग्रजीसाठी तो एरवी सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. आपण त्यात नाही. पण भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारीचा करार, ज्याला सगळे ‘सेपा’ म्हणतात, तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यातून आपल्यासाठी एक वाट निघाली. पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची शिक्षकपात्रता, दोन्ही हातात असेल तर शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून येता येतं. म्हणजे तुमच्या बाबतीत सगळी मदार त्या बी.एड.वर आहे. ही वाट शाळांपुरतीच आहे. इथल्या खाजगी शिकवण्यांना, म्हणजे हागवॉनना, ती लागू नाही. भारतीय पासपोर्टवर हागवॉनमध्ये चिकटवून देतो असं कुणी एजंट म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. आणि नियमात बसतं म्हणजे जागा ठेवलेलीच आहे असंही नाही. जागा फार थोड्या असतात, आणि घ्यायचं की नाही हे त्या त्या प्रांताच्या किंवा शहराच्या शिक्षण कार्यालयावर असतं. म्हणून तुमची पदवी आणि बी.एड. कळवून ‘या वर्षी सेपाखाली भारतीय शिक्षक घेणार आहात का’ हे त्यांना सरळ विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

कागदपत्रांना वेळ लागतो. पदवीची आधी राज्य शासनाकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मिळणारा शिक्का. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणाऱ्या पोलीस दाखल्यालाही अपॉस्टील लागतं. शिवाय भारतीयांना क्षयरोग नसल्याचा वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. इथलं शालेय वर्ष मार्चच्या सुरुवातीला उघडतं आणि दुसरं सत्र ऑगस्टच्या अखेरीस, त्यामुळे भरती या दोन वेळांना धरूनच होते. मार्चला यायचं तर दिवाळीच्या सुट्टीत कागद गोळा करायला लागून चालणार नाही, गणपतीच्या आधीच सुरुवात करा. इथे उतरल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यायचं असतं.

उच्चारांची काळजी तुम्ही करताय त्यापेक्षा कमी करा. पाठ्यपुस्तकासोबतचे आवाज अमेरिकन वळणाचे असतात आणि मुलांचा कान त्याला सरावलेला असतो, हे खरं. ‘नाइस टु मीट यू’ त्यांनी ‘मीच्यू’ असं ऐकलेलं असतं. तुम्ही ‘मीट यू’ असं तोडून म्हणालात की दोन-चार हुशार मुलं एकमेकांकडे बघतात. तेव्हा रोज लागणारी वाक्यं कशी म्हणायची ते सोबतच्या कोरियन शिक्षिकेशी आधीच ठरवून घ्या आणि वर्षभर तशीच म्हणा. आपल्याला सुधारायचं ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींचा आपण एकच ‘व’ करतो, तो वेगळा करायचा. दुसरं, वेग. आपण भराभर बोलतो, आणि मुलांना परक्या उच्चारांपेक्षा हा वेग जास्त नडतो.

मुलांच्या अडचणी वेगळ्या असतात आणि त्या तुम्हाला माहीत हव्यात. कोरियनमध्ये ‘एफ’चा आवाज नाही, म्हणून ‘फाइन’चं ‘पाइन’ होतं. ‘व्ही’चा ‘ब’ होतो, ‘झेड’चा ‘ज’. शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुष्कळदा मोकळं सुटत नाही, त्याला एक स्वर चिकटतो: ‘नाइसु’, ‘ऑरेंजी’. हे पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करायला जाऊ नका. ‘पाइन’ म्हणणारं मूल बोलतंय, ही आधी मोठी गोष्ट आहे. ‘एफ’साठी खालचा ओठ दाताखाली धरून फुंकर मारायची हे नंतर खेळ म्हणून दाखवा, तिसरीतली मुलं अख्खा तास तेच करत बसतील.

इथे इंग्रजी तिसरीपासून शिकवतात, १९९७ पासून. तिसरी-चौथीला आठवड्यात दोन तासिका, पाचवी-सहावीला तीन, आणि प्राथमिकची तासिका ४० मिनिटांची. म्हणजे तिसरीतलं मूल आठवड्यात ८० मिनिटं इंग्रजी वर्गात बसतं, त्यातही चाळीस टक्के वेळ गोंगाट आवरण्यात आणि पत्ते वाटण्यात जातो असं धरूनच चाला. त्यात एकाच बाकावर हागवॉनला जाऊन फाडफाड बोलणारी मुलगी आणि अजून ‘बी’ आणि ‘डी’ ओळखता न येणारा मुलगा शेजारी शेजारी. दोघांनाही एकाच वेळी गुंतवून ठेवील असा पाठ शोधायला गेलात तर तो अभिवादनाचाच निघतो, कारण त्यात लिहा-वाचायचं काही नाही आणि खरं उत्तर द्यायचं तर त्या हुशार मुलीलाही विचार करावा लागतो.

आता मुख्य अडचण. तुम्ही वर्गात शिरून ‘हाऊ आर यू?’ म्हणालात की सगळा वर्ग एका दमात, एका सुरात म्हणेल: ‘आय ॲम फाइन थँक यू ॲन्ड यू?’ मधे कुठेही श्वास नाही. मोठ्यांच्या दोन पिढ्या हेच म्हणत शिकल्या, घरातून आणि शिकवण्यांतून ते मुलांपर्यंत आलेलं असतं. या वाक्याची थट्टा करणारे परदेशी शिक्षक मी पाहिले आहेत, आणि मला ते मुळीच आवडत नाही. एखाद्या मुलाला येणारं ते एकमेव अख्खं इंग्रजी वाक्य असतं, तेच हसण्यावारी नेलं तर ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. वाक्य राहू द्या. फक्त त्याच्या शेजारी दुसरी वाक्यं ठेवत जा.

कसं, ते एका प्रसंगावरून सांगते. हिवाळ्यात इथल्या वर्गांत हीटर चालू असतो, हवा कोरडी पडते आणि मुलांचे घोळणे फुटतात. एकदा तिसरीतला एक मुलगा नाकात टिश्यूचा बोळा कोंबून बसला होता, बोळ्याला लाल टोक आलेलं. मी विचारलं, ‘हाऊ आर यू?’ तो ताठ उभा राहून नाकातल्या आवाजात म्हणाला, ‘आय ॲम फाइन थँक यू ॲन्ड यू?’ मी नुसतं स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘फाइन?’ वर्ग गप्प झाला. त्यालाही पहिल्यांदाच लक्षात आलं की आपल्याला खरंच काहीतरी विचारलंय. थोडा विचार करून तो म्हणाला, ‘नो.’ मी फळ्यावर लिहिलं, ‘नॉट सो गुड’. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. पुढच्या आठवड्यात फुटबॉल हरल्यावर तोच मुलगा मैदानातून ओरडला, ‘टीचर! नॉट सो गुड!’ नाक तेव्हा ठणठणीत होतं.

त्या वर्गात मी मग चेहऱ्यांचे पत्ते केले: ग्रेट, गुड, सो-सो, टायर्ड, स्लीपी, हंग्री, कोल्ड. इतकेच पुरतात. प्रत्येकाने आत येताना आपला पत्ता उचलायचा आणि विचारल्यावर तोच सांगायचा. चौथ्या तासाला, जेवणाच्या आधी, अर्धा वर्ग ‘हंग्री’ असतो, सोमवारी सगळे ‘स्लीपी’. त्यांनी विचारल्यावर तुम्हीही खरंच सांगा. ‘आय ॲम कोल्ड’ म्हटलं की कुणीतरी पळत जाऊन खिडकी लावतं, आणि त्या मुलाला कळतं की आपण ऐकलं, समजलं आणि त्यावर काही केलं. पाचवी-सहावीला पुढे ‘व्हाय?’ जोडायचं.

सरावासाठी इथला एक खेळ फार कामाचा आहे. काविबाविबो म्हणजे दगड-कागद-कात्री. कोरियन मुलं प्रत्येक निर्णय त्यावर घेतात, त्यामुळे ते शिकवावं लागत नाही. मी त्यालाच अंडी-पिल्लू-कोंबडी अशा पायऱ्या जोडते. सगळे आधी अंडी असतात, म्हणजे उकिडवे बसून चालायचं. दुसरं अंडं भेटलं की आधी दोघांनी एकमेकांना विचारायचं: ‘हाय, हाऊ आर यू?’, उत्तर द्यायचं, मगच डाव टाकायचा. जिंकणारा पिल्लू होतो, मग कोंबडी. हरला की एक पायरी खाली. कोंबडी झालेली जिंकली की ती माझ्यापाशी येते आणि माझ्याशी तेच पूर्ण बोलून सुटते. पाच-सात मिनिटांत प्रत्येक मूल न कंटाळता तेच संभाषण कितीतरी वेळा म्हणतं. एक पळवाट असते: घाईत मुलं बोलणं गाळून नुसता हात पुढे करतात. तसं दिसलं की दोघंही परत अंडी, हा नियम आधीच सांगा आणि कडक पाळा. लहान शाळांत हा खेळ जमायला मुलं कमी पडतात. इथला जन्मदर २०२३ मध्ये बाईमागे सरासरी ०.७२ मूल इतका खाली गेला आणि आमच्या भागातल्या काही वर्गांत जेमतेम सहा-सात मुलं असतात. तिथे मी दोन वर्ग एकत्र करून घेते.

वाकण्याबद्दल. मूल ‘हॅलो’ म्हणतं आणि कमरेतून वाकतं. ते थांबवू नका. मोठ्या माणसाला नमस्कार करताना त्याचं शरीर जे करतं ते बरोबरच आहे, इंग्रजी बोलायचं म्हणून त्याने आपला आदर खिशात का घालावा? तुम्हीही किंचित मान झुकवा आणि हसून ‘हॅलो’ म्हणा. हात हलवणं, हात मिळवणं, नजरेला नजर देणं हे वेगळं दाखवा, ‘परदेशी माणसं असं करतात’ म्हणून. ‘हाय’ शिकवताना थोडं जपा. शिस्तीतली मुलं शिक्षकांना ‘हाय’ म्हणायला कचरतात, कारण त्यांना ते मित्राला हाक मारल्यासारखं वाटतं. त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्यांशी आणि बरोबरीच्यांशी बोलायची रूपंच वेगळी आहेत. त्यांना ‘गुड मॉर्निंग’ द्या, त्यांचा संकोच जातो.

तसंच ‘टीचर!’ या हाकेचं. इथे शिक्षकाला नावाने हाक मारत नाहीत, सन्सेंगनीम म्हणतात, आणि मुलं त्याचंच ‘टीचर’ करतात. काही शिक्षक ‘मला नावाने हाक मारा’ म्हणून मागे लागतात. मी लागत नाही. आपल्याकडे मुलं ‘बाई’ आणि ‘सर’ म्हणतात, त्यात काय कमी असतं? नावांचंही तेच. मुलांना सोयीसाठी इंग्रजी नावं देऊ नका. आडनाव आधी, नाव मागून, असंच ते सांगतील, तसंच राहू द्या. त्यांची नावं तुम्ही पाठ करा. त्यासाठी येण्याआधी हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, शिकून या. मूळ अक्षरं २४ आहेत, आणि ज्याची बाराखडी पक्की आहे त्याला ती आठवडाभरात वाचता येतात. पहिल्या दिवशी छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून हाक मारलीत की मुलं अवाक होतात.

आणि आता ज्यासाठी मी हे एवढं लिहायला घेतलं ते. तुमचं खरं काम घंटा झाल्यावर सुरू होतं. दोन तासांच्या मधली दहा मिनिटं, जेवणाची रांग, सकाळचं फाटक, जिना. त्या शाळेत तुम्ही एकटेच असे असता की ज्यांच्याशी बोलायला इंग्रजीच लागतं. मुलांसाठी इंग्रजी ही जिवंत माणसाची भाषा आहे याचा तेवढा एकच पुरावा असतो. म्हणून व्हरांड्यात मोबाइलमध्ये डोकं घालून चालू नका. शंभर वेळा ‘हॅलो टीचर’ ऐकू येईल, शंभरही वेळा थांबून उत्तर द्या, आणि शक्य झालं तर उत्तरात एक नवा शब्द द्या: नवे बूट दिसले तर बुटांबद्दल, पाऊस असेल तर छत्रीबद्दल. मी दर आठवड्याला व्हरांड्यासाठी एक वाक्य ठरवते. सोमवारी ‘हाऊ वॉज युअर वीकेंड?’ शुक्रवारी निघताना ‘सी यू टुमॉरो’ मुद्दाम म्हणते, की मुलं ओरडतात, ‘नो! सी यू मंडे!’ निरोप घेताना लहान मुलं गोंधळतात, कारण कोरियनमध्ये जाणाऱ्याला एक म्हणतात आणि मागे राहणाऱ्याला दुसरं. ‘बाय’ दोघांनाही चालतं हे सांगितलं की त्यांना फार हायसं वाटतं.

सहावीच्या मुलांना व्हरांड्यात धरू नका. मित्रांसमोर इंग्रजी बोलायची त्यांना लाज वाटते. नुसती मान हलवा, मूठ पुढे करा. एकटं असताना तेच मूल आपणहून येऊन बोलतं, आणि ते बोलणं वर्गातल्या कुठल्याही उत्तरापेक्षा चांगलं असतं.

सोबतची कोरियन शिक्षिका हा या सगळ्याचा कणा. करारात तुम्ही सहायक असता, वर्ग तिचा असतो. तिला एवढीच विनंती करा की अभिवादनाचं भाषांतर तिने मुलांना सांगू नये. आणि तासाच्या सुरुवातीला तिने मुलांसमोर तुमच्याशी दोन-तीन वाक्यं इंग्रजीत बोलावं. पुष्कळ शिक्षिका मुलांसमोर इंग्रजी बोलायला बिचकतात, म्हणून आदल्या दिवशी दोघींनी किंवा दोघांनी बसून ते ठरवून घ्यावं: काल काय खाल्लं, आज झोप झाली का. तुम्ही इंग्रजी बोलता यात मुलांना काही विशेष वाटत नाही. आपल्या बाई बोलतात, अडखळून का होईना बोलतात, हे बघून मुलांची भीड चेपते. परदेशी शिक्षकाच्या चार पाठांनी जे होत नाही ते त्या तीन वाक्यांनी होतं.

तुम्हालाही मोठ्यांना कोरियनमध्ये नमस्कार करता आला पाहिजे. मुख्याध्यापकांना, स्वयंपाकघरातल्या बायकांना, शिपायाला, सगळ्यांना मान झुकवून ‘आन्न्योंगहासेयो’. जेवून उठताना ताट ठेवतो तिथल्या बाईंना ‘छाल मोगस्सुम्निदा’, नीट जेवले म्हणून. मुलं हे बघत असतात. जो त्यांच्या भाषेत नमस्कार करतो त्याच्या भाषेत नमस्कार करायला त्यांना संकोच वाटत नाही. मुलं भारताबद्दलही विचारतील. योगामुळे ‘नमास्ते’ बऱ्याच जणांच्या कानावर असतं. हात जोडून ते दाखवा, आणि आमच्याकडे ‘नमस्कार’ म्हणतात हेही सांगा.

जेवणाचं विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण शाकाहारी असाल तर ते जड जातं. किमचीत बहुतेक वेळा मासळीचा अर्क असतो, सूप मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजतं. शाळेच्या महिन्याच्या तक्त्यात प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीचे आकडे असतात. ९ म्हणजे कोळंबी, १० म्हणजे डुक्कर, १५ कोंबडी, १६ गोमांस. पण हे ॲलर्जीसाठी असतं, प्रत्येक माशाला आकडा नसतो, म्हणून तक्ता बघून झाल्यावरही स्वयंपाकघरात विचारा. पगार महिना साधारण २० ते ३० लाख वॉनच्या दरम्यान असतो, राहायची सोय किंवा भाड्याचे पैसे करारात मिळतात, आणि आठवड्याला २२ तासिका. सुट्टीत इंग्रजी शिबिरं घ्यावी लागतात, त्याची कल्पना ठेवा.

पहिल्या दिवसाबद्दल. स्वतःची ओळख करून देणारी चित्रं दाखवत अर्धा तास घालवू नका. वर्गाच्या दारात उभे राहा, आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पट्टीवरचं नाव वाचा, नाव घेऊन ‘हॅलो’ म्हणा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर आलं नाही, तर हसून आत सोडा. मग चेहऱ्यांचे चार पत्ते, त्यानंतर काविबाविबो, आणि जाताना पुन्हा दारात प्रत्येकाला नाव घेऊन ‘बाय’. ४० मिनिटं यातच संपतात. घाबरण्यासारखं त्यात काहीच नाही, तुम्ही पाचवीचे वर्ग सांभाळलेले आहेत.

आता आधी बी.एड.ची मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र हातात आहे ना ते बघा. ते विद्यापीठात अडकलेलं असेल तर याच आठवड्यात अर्ज टाका. त्याशिवाय इथलं कुठलंही शिक्षण कार्यालय तुमचा विचार करणार नाही. ते हातात आलं की मला कळवा, शिक्षण कार्यालयाला लिहायच्या पत्राचा मसुदा मी बघून देईन.